कोचीची वॉटर मेट्रो: चाळीस रुपयांत काय मिळतं आणि सुट्टी तिच्याभोवती कशी आखावी

कोचीच्या सुट्टीचं गणित बहुतेकांचं हॉटेल बुक करतानाच चुकतं. नकाशावर एर्नाकुलम आणि फोर्ट कोची हे शहराचे दोन भाग समोरासमोर दिसतात, मध्ये फक्त पाणी. म्हणून स्वस्त मिळेल तिथे खोली घेतली जाते आणि मग रोज रस्त्याने वळसा सुरू होतो: थेवरा, पूल, विलिंग्डन बेट, पुन्हा पूल, तोप्पुमपडी. बारा-तेरा किलोमीटरचा रस्ता, पण संध्याकाळच्या गर्दीत सहज तासभर खातो. तेच अंतर पाण्यावरून वीस-पंचवीस मिनिटांचं. त्यामुळे या शहरात काय बघायचं याच्या आधी कशाने फिरायचं ते ठरवावं लागतं, आणि त्याचं आजचं सर्वात चांगलं उत्तर वॉटर मेट्रो, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या बोटींची शहरसेवा, आहे. फक्त ते अर्धं उत्तर आहे. बोटीला आणि धक्क्यांना पैकीच्या पैकी गुण, गर्दीच्या दिवशीच्या सोयीला जेमतेम पास.

सेवा २०२३ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. प्रकल्प ११३७ कोटींचा, त्यात जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं कर्ज. बोटी तिथल्याच कोचीन शिपयार्डने बांधल्या. पूर्ण झाल्यावर ७८ बोटी, ३८ टर्मिनल आणि सुमारे ७६ किलोमीटरचे जलमार्ग असा मूळ आराखडा आहे. प्रत्यक्षात ते टप्प्याटप्प्याने होत आहे, त्यामुळे नकाशावर रंगवलेली प्रत्येक रेघ आज चालू आहे असं समजू नका. पर्यटकाच्या कामाचं फोर्ट कोची टर्मिनल एप्रिल २०२४ मध्ये उघडलं, तर फोर्ट कोचीला लागून असलेल्या मट्टनचेरीचं आणि विलिंग्डन बेटाचं टर्मिनल ऑक्टोबर २०२५ मध्ये. जुने प्रवासलेख वाचून बेत आखणाऱ्यांचा नेमका इथे घोटाळा होतो. त्यांत मट्टनचेरीला रिक्षाशिवाय पर्याय नाही असं लिहिलेलं असतं. आता टर्मिनल डच पॅलेसच्या शेजारी आहे.

आधी बोटीबद्दल. दोन समांतर सांगाड्यांवर बसवलेली ॲल्युमिनियमची बोट, म्हणजे कॅटामरान. त्यामुळे ती डुलत नाही आणि मागे लाटही फार उठवत नाही. अरुंद खाड्यांत काठावरच्या घरांना आणि छोट्या होड्यांना त्रास होऊ नये म्हणून हीच रचना घेतली गेली. वेग आठ नॉट, ताशी साधारण पंधरा किलोमीटर. बॅटरी लिथियम टायटॅनेटची. ही बॅटरी महाग आणि जड असते, पण दहा-पंधरा मिनिटांत चार्ज होते, आणि प्रवासी चढेपर्यंत धक्क्यावरच चार्जिंग उरकायचं असेल तर दुसरी बॅटरी चालणारी नाही. अडीअडचणीला डिझेल जनरेटर असतो. प्रवाशाच्या दृष्टीने या सगळ्याचा अर्थ एवढाच: घरघर नाही, धुराचा वास नाही, आणि बोट लागणाऱ्या माणसालाही बंदराच्या पाण्यात बहुधा काही होत नाही. क्षमता शंभराची, त्यातले निम्मे बसून. आत एसी आणि दोन्ही बाजूंना मोठ्या काचा.

काचांमुळे एक तोटा होतो. खिडकी उघडत नाही, वारा लागत नाही, आणि दुपारनंतर फोटोत समुद्राबरोबर आतल्या सीटांचं प्रतिबिंबही येतं. मोबाईल काचेला अगदी टेकवून धरला तर फोटो बरे येतात. एर्नाकुलमच्या हायकोर्ट टर्मिनलहून फोर्ट कोचीला जाताना उजवीकडे बसावं. त्या बाजूला बोलगट्टी बेट (तिथला डच वाडा १७४४ चा, आता सरकारी हॉटेल), मग वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलच्या अजस्र क्रेन, आणि शेवटी वायपीन. डावीकडे विलिंग्डन बेट. ते बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून उभं राहिलेलं, त्यामुळे सपाट आणि गोदामांचं. बंदराच्या तोंडाशी डॉल्फिन दिसतात, पण त्यांच्या भरवशावर तिकीट काढू नका.

धक्के मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहेत. बोट पक्क्या जेटीला लागत नाही, तरंगत्या पॉन्टूनला लागते. पॉन्टून भरतीबरोबर वर येतो, ओहोटीबरोबर खाली जातो, आणि किनाऱ्यापासून त्याच्यापर्यंत उताराचा पूल असतो. त्यामुळे बोटीचा डेक आणि पॉन्टून कायम एका पातळीत. व्हीलचेअर, बाबागाडी, गुडघे दुखणाऱ्या आजी, सगळे पाय न उचलता आत जातात. गेटवे किंवा भाऊच्या धक्क्याला हेलकावणाऱ्या लाँचवर उडी मारून चढलेल्यांना याची किंमत लगेच कळेल. अर्थात तुलना करताना एक लक्षात ठेवावं: कोचीत भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर, मुंबईत उधाणाला तोच चार-पाच मीटर. कोचीचा पॉन्टून उचलून मुंबईत बसवला की झालं, असं नाही. मुंबईच्या प्रस्तावित वॉटर मेट्रोच्या अहवालाचं काम कोची मेट्रो कंपनीकडेच आलं आहे, तेव्हा हा उतार ते कसा सोडवतात हे बघण्यासारखं असेल.

तिकीट खिडकीवर किंवा ‘कोची वन’ ॲपवर, क्यूआरचं. साधारण वीस ते चाळीस रुपये. हायकोर्ट ते फोर्ट कोची चाळीस. फाटकातून माणसं मोजून सोडतात. शंभर भरले की फाटक बंद, मग तुमच्या कुटुंबातले दोघे आत आणि दोघे बाहेर राहिले तरी. लहान मुलं असतील तर रांगेत पुढे-मागे होऊ नका. मोजणी कडक आहे ती बरीच आहे. केरळने बोटींचे अपघात पाहिलेत, आणि त्यांत क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरणं हे कारण पुन्हा पुन्हा पुढे आलं आहे.

पण या शिस्तीमुळेच रांग लांबते. शनिवार-रविवारी आणि डिसेंबरच्या सुट्टीत हायकोर्ट टर्मिनलवर दुपारी चारनंतर गेलात तर सूर्यास्त रांगेतच होण्याची शक्यता मोठी. सगळ्यांना एकाच वेळी फोर्ट कोचीत पोचायचं असतं आणि सूर्य बुडाल्यावर एकाच वेळी परतायचं असतं. बोट शंभराची, लोंढा हजारांचा. उपाय दोन. एक, उलट वेळ धरा: सकाळी पहिल्या-दुसऱ्या बोटीने जा, उन्हं चढायच्या आत किनारा पाहा, दुपारी परत या. दुसरा उपाय स्थानिकांचा. फोर्ट कोचीची रांग फार असेल तर हायकोर्टहूनच वायपीनची बोट घ्या. वायपीनला उतरल्यावर जवळच रो-रोचा धक्का आहे. तिथून गाड्या आणि माणसं वाहणारा तराफा काही मिनिटांत समोर फोर्ट कोचीला सोडतो, पायी माणसाला अगदी किरकोळ पैशांत. फक्त रो-रोच्या बोटी दोनच, ‘सेतुसागर’ एक आणि दोन. त्यांतली एक दुरुस्तीला गेली की गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते. पायी माणसाला त्याचा फारसा फटका बसत नाही, स्वतःची गाडी घेऊन आलेल्याला बसतो.

शेवटची बोट चुकवणं हा दुसरा नेहमीचा घोटाळा. सेवा रात्री आठ-नऊच्या सुमारास थांबते आणि मार्गागणिक वेळ वेगळी असते. उतरल्या उतरल्या फोर्ट कोचीच्या खिडकीवर परतीची शेवटची वेळ विचारून ठेवा, आणि तिच्या आदल्या बोटीचा नेम धरा.

आता उरलेलं अर्धं उत्तर. राज्य जलवाहतूक खात्याच्या जुन्या बोटी अजून चालतात आणि त्या वॉटर मेट्रोच्या गाजावाजात विसरल्या जातात. सुटतात एर्नाकुलमच्या मुख्य बोट जेटीवरून, सुभाष पार्कजवळून. हे हायकोर्ट टर्मिनलपेक्षा वेगळं ठिकाण आहे. रिक्षावाल्याला नुसतं ‘जेटी’ म्हणू नका, ‘मेन बोट जेटी’ की ‘वॉटर मेट्रो’ ते स्पष्ट सांगा. भाडं दहा रुपयांच्या आत, पहिली बोट उजाडायच्या आधी. बाजू उघड्या, लाकडी किंवा प्लास्टिकची बाकं, इंजिनाचा आवाज कानात भरून राहतो, पाऊस आला की ताडपत्रीचे पडदे खाली. वारा इथे मिळतो, फोटोही इथूनच काढावेत. चढताना पायरी असते आणि बोट हलते, म्हणून वयस्कर माणसांसाठी नाही. जाताना एक आणि येताना दुसरी, असं केलं तर दोन्हींतलं चांगलं ते पदरात पडतं.

मरीन ड्राइव्हवर खासगी बोटींचे दलाल मागे लागतात. तासाभराची फेरी, माणशी काही शे रुपये, वर कर्कश गाणी. दिसतं तेच, जे चाळीस रुपयांत दिसतं. टाळा.

पर्यटकांच्या यादीत न येणारा एक मार्ग आहे, व्यट्टिला ते काक्कनाड. आयटी पार्कला जाणाऱ्यांसाठी तो काढला, पण खाडी तिथेच आहे: नारळ, कोळ्यांच्या छोट्या होड्या, काठावर वाळत घातलेली जाळी. बंदराचं पाणी नाही, क्रेन नाहीत. पंचवीस मिनिटं आणि तीसेक रुपये. व्यट्टिलाला मेट्रो स्टेशन, बसस्थानक आणि बोटीचं टर्मिनल एकाच आवारात असल्याने बदलाबदलीचा ताप नाही. कामावर जाण्या-येण्याच्या वेळा सोडून गेलात तर खिडकीची जागा मिळते. मात्र अशा वेळी दोन बोटींमधलं अंतर वाढतं, तेव्हा परतीची वेळ आधी पाहून ठेवा. अलप्पुळाच्या हाऊसबोटीचे हजारो रुपये ज्यांना जड जातात, त्यांनी हा मार्ग चुकवू नये. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत या खाड्यांत जलपर्णी माजते, बोटीच्या पंख्यात अडकते आणि वेळापत्रक गडबडतं. डिसेंबरनंतर समुद्राचं खारं पाणी आत शिरतं तशी ती मरते. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी मोकळं असतं.

राहण्याचं मग असं ठरतं. चालायची आवड, दोन-तीन रात्री आणि निवांतपणा हवा असेल तर फोर्ट कोचीतच होमस्टे घ्या. सकाळी सातला मासेमारीच्या चिनी जाळ्यांपाशी तुम्ही असता, दिवसाच्या सहली अजून पोचलेल्या नसतात. मुन्नार किंवा अलप्पुळाला पुढे जायचं असेल, गाडी पहाटेची असेल, शाकाहारी जेवणाची निवड हवी असेल, तर एर्नाकुलम; पण हायकोर्ट जंक्शन किंवा मुख्य जेटीपासून चालत जाता येईल अशा बेताने. एडापल्लीच्या मॉलशेजारचं स्वस्त हॉटेल कोची पाहायला आलेल्याच्या उपयोगाचं नाही. मेट्रोने हायकोर्ट टर्मिनल गाठायचं तर एम.जी. रोड स्टेशनला उतरावं लागतं. तिथून सव्वा-दीड किलोमीटर, फीडर बस किंवा रिक्षा. मेट्रो स्टेशन थेट टर्मिनलला जोडलेलं नाही ही या मार्गाची सर्वात मोठी उणीव; व्यट्टिलाला जमलं ते इथे जमलं नाही. आणि सामानासकट पहिल्याच दिवशी बोटीने जाण्याचा हौशी बेत करू नका. मोठ्या बॅगा घेऊन मोजणीच्या फाटकातून आणि उभ्या गर्दीतून जाणं त्रासाचं आहे. पहिल्या दिवशी टॅक्सी, नंतर बोट.

वारांचं गणित चुकलं तर मट्टनचेरीची फेरी फुकट जाते. डच पॅलेस शुक्रवारी बंद. १५६८ चं परदेशी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), ज्याच्या जमिनीवर हाताने रंगवलेल्या निळ्या चिनी फरशा आहेत, ते शनिवारी बंद आणि शुक्रवारी दुपारनंतरही बंद. म्हणजे शुक्रवार-शनिवारचा ‘वीकेंड’ घेऊन येणाऱ्याला दोन्ही एकत्र पाहता येत नाहीत. रविवार ते गुरुवारमधला दिवस मट्टनचेरीला द्या. सिनेगॉगला दुपारची सुट्टीही असते, तेव्हा सकाळीच गाठा. पॅलेसला ‘डच’ म्हणतात, पण तो पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास कोचीच्या राजाला बांधून दिला आणि डचांनी नंतर डागडुजी केली. बाहेरून अगदी साधा. आतल्या रामायणाच्या भित्तिचित्रांसाठी जायचं, आणि त्यांना वेळ द्यायचा. फोर्ट कोचीतलं सेंट फ्रान्सिस चर्च रविवारी सकाळी प्रार्थनेत असतं. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला आणि आधी इथेच पुरला गेला. नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, त्यामुळे आता आहे तो फक्त थडग्याचा दगड.

मट्टनचेरीच्या चेरलाई भागात कान उघडे ठेवा. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून निघालेली कोकणी गौड सारस्वत कुटुंबं इथे स्थिरावली. तिरुमला देवस्थानच्या परिसरात आजही कोकणी कानावर पडते. मल्याळी हेल असला तरी मालवणी किंवा गोव्याची बोली कळणाऱ्याला निम्मं समजतं. जवळच गुजराती रोड. शाकाहारी जेवण आणि मिठाईसाठी त्या बाजूला वळावं. मांसाहारींसाठी ‘कायीस’ हॉटेलची बिर्याणी, पण ती दुपार टळायच्या आत संपते. ‘निवांत तीनला जेवू’ हा बेत इथे चालत नाही.

चिनी जाळ्यांचं तंत्र नीट पाहण्यासारखं आहे. एका टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना टांगलेले दगड. दगड एकाखाली एक वेगवेगळ्या उंचीवर बांधलेले, त्यामुळे जाळं वर येताना ते एकेक करून जमिनीवर टेकतात आणि तोल सांभाळला जातो. चार-सहा माणसं दोर ओढतात. जाळं पाण्यात काही मिनिटंच राहतं. ते तुम्हाला दोर ओढायला बोलावतील. ओढल्यावर पैसे मागितले जातात. द्यायचे तर आधी ठरवून द्या, नाहीतर हसून पुढे जा. लाकडाच्या जागी आता बरीच जाळी लोखंडी पाइपांची झाली आहेत.

शेजारी मासळीच्या टपऱ्या. मासळी निवडा, समोरच्या हॉटेलात शिजवून घ्या, असा धंदा. पद्धत वाईट नाही, पण दर किलोचा की नगाचा हे न विचारता ‘हा द्या’ म्हटलं की बिल फुगतं. तोलून घ्या, शिजवण्याचे पैसे वेगळे किती ते आधी विचारा, आणि घरी बघता तसा गलफडा उचलून लाल आहे का बघा. बर्फातला फिकट माल मागच्या रांगेत असतो. करीमीन म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग-गोव्याच्या खाड्यांतली काळुंदर. चव उत्तम, काटे बारीक आणि पुष्कळ. मुलांना आधी सुरमई किंवा कोळंबी द्या. केरळात ट्रॉलिंगबंदी (यांत्रिक बोटींनी जाळं ओढून मासेमारी करण्यावरची बंदी) ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत असते. त्या दिवसांत खोल समुद्राची मासळी महाग किंवा शिळी, खाडीची मात्र ताजी.

फोर्ट कोचीचा किनारा पोहण्याचा नाही. दगड, धूप, आणि पावसानंतर जलपर्णीचा खच. वाळू हवी असेल तर वायपीनच्या उत्तर टोकाला चेराई. हायकोर्ट परिसरातून गोश्री पुलांवरून बस जाते, साधारण तासाभराचा रस्ता. फोर्ट कोचीतून निघालात तर रो-रोने वायपीन आणि तिथून बस.

हवामानाबाबत मराठी माणसाची ठरलेली चूक ऑक्टोबरची. आपल्याकडे पाऊस परतलेला असतो, दिवाळीची सुट्टी असते. केरळात मात्र तेव्हा परतीच्या मोसमाचे ढग दुपारी तीन-चारला गडगडाटासह फुटतात. सकाळी बोट आणि किनारा, दुपारी संग्रहालय, असा क्रम ठेवला तर दिवाळीतही चालून जातं. निर्धोक महिने डिसेंबर ते फेब्रुवारी. द्वैवार्षिक कलामेळा, म्हणजे कोची-मुझिरिस बिएनाले, भरतो तोही याच सुमारास. २०२५-२६ च्या फेरीची तारीख १२ डिसेंबर २०२५ ते ३१ मार्च २०२६ अशी जाहीर झाली होती. ३१ डिसेंबरच्या रात्री मात्र फोर्ट कोचीत ‘पप्पांजी’ नावाचा प्रचंड पुतळा जाळतात. तो बघायचा तर मुक्काम फोर्ट कोचीतच हवा. त्या रात्री पलीकडून बोटीने येऊन बोटीने परतणं हा बेतच नव्हे.

मुंबईहून नेत्रावती कोकण रेल्वेने साधारण सव्वीस तास घेते. पुण्याहूनही एर्नाकुलमला थेट गाडी आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. नाताळच्या सुट्टीसाठी २३ डिसेंबरची गाडी धरायची तर २४ ऑक्टोबरला सकाळी आठला बसावं लागेल. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू चालतात, तेव्हा पोचल्यावर लगेचची बोट किंवा पुढची जोडगाडी ठेवू नका. विमानतळ नेडुंबासेरीला, एर्नाकुलमपासून तीसेक किलोमीटर आणि फोर्ट कोचीपासून चाळीसच्या पुढे. स्वस्तात यायचं तर विमानतळ ते आलुवा फीडर बस आणि तिथून मेट्रो. रेल्वेने येताना तिकिटावर ‘जंक्शन’ आहे की ‘टाउन’ ते बघा. जंक्शनला लोक साऊथ म्हणतात, टाउनला नॉर्थ. साऊथला त्याच नावाचं मेट्रो स्टेशन लागून आहे, नॉर्थला जवळचं मेट्रो स्टेशन टाउन हॉल.